चोवीस बाक आणि बेचाळीस मुले

पार्श्वभूमी

तापीच्या उत्तरेला, यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातली ही एक माध्यमिक शाळा. शाळेची आणि माणसांची ओळख लपवली आहे. मापे, कामाचा क्रम आणि चुका होत्या तशा ठेवल्या आहेत.

शाळेत नववी-दहावीला कार्यशाळेचा विषय आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकण्याचा जो नमुना ग्रामीण शाळांपुढे ठेवला, त्याच धर्तीवर इथे काम चालते. एकाच मुलाने थोडे सुतारकाम, थोडे लोखंडकाम करायचे, थोडे इंजिन उघडून पाहायचे, आणि जमेल तेव्हा शाळेच्या किंवा गावाच्या उपयोगाची वस्तू बनवायची.

शेड शाळेच्या मागे, केळीच्या बागेला लागून. दहा मीटर बाय सहा मीटर, चारही बाजूंनी नवे चकचकीत पत्रे. आत २०० अँपिअरचे एक इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, एक पिलर ड्रिल, दोन हँड ग्राइंडर, टेबलाला बसवलेले चार व्हाइस (वस्तू घट्ट धरणारे शिकंजे), सुतारकामाच्या करवती, रंधे, पटाश्या, आणि कुणी तरी दिलेले १०० सीसी मोटरसायकलचे बंद इंजिन. निदेशक एकच, आयटीआयचा फिटर, आधी कारखान्यात काम केलेला. नववीच्या वर्गात ४२ मुले-मुली, वय चौदा-पंधरा. आठवड्यात दोनदा जोडतास, म्हणजे ७० मिनिटे.

सप्टेंबरात मुख्याध्यापकांनी विचारले, जूनपर्यंत २४ बाक कार्यशाळेत होतील का? बाजारातून घेण्यापेक्षा स्वस्त पडतील, मुलेही शिकतील. निदेशकाने होकार दिला. त्या दिवशी कुणीही कागदावर मिनिटांचा हिशेब मांडला नाही, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथे आहे.

पहिले सहा बाक

आराखडा साधा होता. बाकाची लांबी १२०० मिमी, रुंदी ३००, उंची ४३०. सांगाडा २५ बाय २५ चौकोनी पाइपचा, १६ गेज, म्हणजे १.६ मिमी जाडीचा. वर २५ मिमी जाडीच्या दोन फळ्या. २६ पाइप एकदम आणले. फळ्या जवळच्या आरा मशीनवरून, आंब्याच्या, नुकत्या चिरलेल्या.

डिसेंबरपर्यंत सहा बाक उभे राहिले. त्यातले चार जमिनीवर ठेवले की डुगडुगत. सहांपैकी तीनच्या सांगाड्यांत पाइपला भोके पडलेली, ती वर रॉड चढवून बुजवलेली. फेब्रुवारी उजाडला, कोरडे वारे सुटले, आणि फळ्या स्क्रूच्या रेषेत चिरल्या. एका बाकावर चीर इतकी सरळ गेली होती की फळी मुद्दाम फाडल्यासारखी दिसावी.

पण काम थांबले ते या कशामुळेही नाही. जानेवारीतल्या एका तासानंतर पाच मुलांचे डोळे रात्री अकराच्या सुमारास चुरचुरू लागले. वाळू गेल्यासारखे वाटणे, पाणी वाहणे, दिवा सहन न होणे. वेल्डिंगच्या ठिणगीतल्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो, त्याची ही लक्षणे. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, त्यामुळे तासाला सगळे ठीक दिसते आणि बोंब घरी उठते. दोन घरांत बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, एका घरात दूध घातले. चकतीने थंडावा मिळतो, बाकी काही नाही. दूध घालणे तर टाळायलाच हवे. डॉक्टरला दाखवायचे त्याचे मुख्य कारण वेगळे: डोळ्यात ग्राइंडरचा लोखंडी कण रुतला असला तरी लक्षणे अशीच असतात, आणि तो कण आपोआप जात नाही. पाचही मुले सकाळी ग्रामीण रुग्णालयात गेली. कण कुणाच्या डोळ्यात नव्हता, दोन दिवसांत सगळी बरी झाली.

तिसऱ्या दिवशी चार पालक शाळेत आले. एकाचा प्रश्न नेमका होता: "पोरगं शिकाले धाडलं का बाक कराले?"

नेमके काय बिघडले

मुख्याध्यापकांनी काम थांबवले आणि निदेशकाला आठवडाभरात कारणे लिहून मागितली. हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय. निदेशकाने लिहून आणले ते थोडक्यात असे.

डोळ्यांचे आधी. पाचांपैकी तीन मुले वेल्डिंगभोवतीच्या घोळक्यात होती, वेल्डिंगची काळी काच नसताना बघत. चौथी मुलगी काच धरून होती, पण ठिणगी पेटल्यावर काच डोळ्यापुढे आणायची. पाचवा मुलगा वेल्डिंगकडे पाठ करून लाकूड घासत होता. त्याचे डोळे का भाजले, हे आधी कुणाला कळेना. त्याच्या समोर दोन हातांवर चकचकीत पत्र्याची भिंत होती. प्रकाश पत्र्यावरून परतून थेट त्याच्या तोंडावर येत होता.

भोकांचे कारण दोन पदरी. दुकानदाराने १० नंबरचा रॉड दिला होता, म्हणजे ३.१५ मिमीचा. तो पेटायला आणि चालायला साधारण ९० अँपिअरच्या पुढे जावे लागते; १.६ मिमीची भिंत तेवढ्यात वितळून खाली पडते. इथे १२ नंबर, म्हणजे २.५ मिमीचा रॉड ६० ते ७५ अँपिअरवर हवा. दुसरा पदर विजेचा. शेड ज्या लाइनवर आहे तिच्यावर शेतीपंपही आहेत. पंप सुरू झाले की दाब पडतो. एका दिवशी अकरा वाजता मल्टिमीटरवर १७८ व्होल्ट दिसले. त्यात शाळेच्या बोर्डापासून शेडपर्यंत ३० मीटरची दीड चौरस मिलिमीटरची वायर, तिच्यातच वेल्डिंग करताना आणखी दहाएक व्होल्ट जात. दाब कमी पडला की रॉड चिकटतो. चिकटला की मूल बटण फिरवून करंट वाढवते. पंप बंद झाले की दाब परत येतो, बटण तिथेच असते, आणि पाइपला भोक पडते.

डुगडुगण्याचे कारण मापात होते. पाय हॅक्सॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, कापलेले, प्रत्येकाची खूण वेगळ्या मुलाने केलेली. ३८० मिमीचे पाय ३७६ पासून ३८३ पर्यंत निघाले. त्यावर सांगाडा नुसत्या जमिनीवर ठेवून एक कोपरा पूर्ण वेल्ड, मग दुसरा पूर्ण, असे जोडले होते. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि ज्या बाजूला आधी शिवला त्या बाजूला पाइप ओढतो. पहिला कोपरा पूर्ण शिवला तिथेच चौकट वाकडी झाली. बाकीचे तीन कोपरे त्या वाकडेपणाला जोडले गेले.

आणि फळ्या. गावातल्या एका निवृत्त सुताराला, आबांना, बोलावून दाखवल्या. त्यांनी फळी उलटी केली, स्क्रू पाहिले आणि म्हणाले, "लाकूड बी दम घेते सर, त्याले जागा ठेवा लागते." रुंदीच्या दोन्ही कडांना घट्ट स्क्रू मारले होते. सुकलेलीच १५० मिमीची फळी घेतली तरी पावसाळा आणि एप्रिल यांच्यात ती रुंदीत दोन-अडीच मिलिमीटर कमी-जास्त होते. ओली असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. लोखंड सरकत नाही, स्क्रू सरकत नाही, मग फळी फाटते. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही, म्हणून चीर नेहमी रेषांच्या दिशेनेच दिसते.

शेवटी निदेशकाने एक हिशेब जोडला होता. ७० मिनिटांतून हजेरी आणि हत्यार वाटप पाच मिनिटे, आवरणे दहा. उरली ५५. मशीन एक, मुले ४२. प्रत्येकाला एक मिनिट आणि अठरा सेकंद. बाकीची ५३ मिनिटे बाकी ४१ मुले काय करत होती? घोळका करून ठिणगी बघत होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: उरलेले १८ बाक तालुक्याच्या फॅब्रिकेटरला देऊन टाकायचे. वेळेत होतील, पालक शांत होतील. मुख्याध्यापकांचा कल सुरुवातीला इकडेच होता.

दुसरा: आणखी दोन वेल्डिंग मशीन घेऊन रांग कमी करायची. संस्थेच्या एका सदस्याचा यावर भर होता, कारण मशीनचा फोटो काढता येतो. निदेशकाने विरोध केला आणि तो बरोबर होता. एका माणसाला तीन ठिकाणच्या ठिणग्यांवर लक्ष ठेवता येत नाही, आणि ती लाइन तीन मशीन ओढूही शकत नव्हती.

तिसरा: सगळे वेल्डिंग निदेशकाने करायचे, मुलांनी मापे, कापणे, घासणे, भोके पाडणे, लाकूडकाम. सुरक्षित, पण विषयातला एक मोठा भाग मुलांच्या हातून जातो.

चौथा: बाकांचा आराखडा बदलायचा, जिग (तुकडे ठरल्या जागी धरून ठेवणारा साचा) करायचा, वर्गाचे चार गट पाडायचे, आणि वेल्डिंग शिकवणे व बाकाचे वेल्डिंग या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या.

एक पाचवाही पर्याय मध्येच आला. एका शेतकऱ्याने जुन्या तुषार सिंचनाचे जीआय पाइप फुकट देऊ केले. मोह मोठा होता. पण जस्ताचा थर असलेल्या पाइपवर वेल्डिंग केले की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो नाकात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. मोठी माणसेही यात फसतात, बंद शेडमध्ये मुलांसाठी तर प्रश्नच नाही. पाइप नाकारले. नाकारताना कारण नीट सांगितले, म्हणून त्या शेतकऱ्याने पुढे त्याऐवजी जुने अँगल दिले, आणि जिग त्याच अँगलचा झाला.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तरही या टप्प्यावर द्यावे लागले. २०१६च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामांत लावण्यास मनाई करतो. प्रशिक्षणार्थी कायद्यातही धोकादायक उद्योगांतल्या व्यवसायांसाठी किमान वय अठरा आहे. शाळेचा तास म्हणजे नोकरी नव्हे, हे खरे. पण "जूनपर्यंत २४" असा आकडा तासावर टांगला की तास हळूहळू कारखान्यासारखा चालू लागतो, हेही बैठकीत सगळ्यांनी मान्य केले. ठरले ते असे: बाक विकायचे नाहीत, मुलांसाठी बाकांची संख्या ठरवायची नाही, आणि १५ एप्रिलला जेवढे होतील तेवढे; उरलेले बाहेर द्यायचे.

तिसरा आणि चौथा पर्याय मिसळून काम पुन्हा सुरू झाले. बाकाचे सर्व जोड निदेशक आणि मानधनावर बोलावलेला एक आयटीआय उत्तीर्ण वेल्डर करणार. मुले भंगार पट्टीवर वेल्डिंग शिकणार, बाकावर नाही.

काय केले

आधी आराखडा. जुन्या बाकाला ६.३२ मीटर पाइप लागत होता आणि पाइप येतो सहा मीटरचा. म्हणजे प्रत्येक बाकासाठी दुसऱ्या पाइपात हात घालायचा आणि वेड्यावाकड्या लांबीचे तुकडे साठवायचे. लांबी १२०० वरून १०५० केली. दोन मुलांना तेवढी पुरते. आता तुकडे असे झाले: १०५० चे २, १००० चा १, ३८० चे ४, २५० चे ५. एकूण १२ तुकडे, ५.८७ मीटर. कापातली झीज धरूनही एक पाइप, एक बाक. उरलेल्या १९ पाइपांत १८ बाक बसले आणि एक पाइप सरावाला राहिला. शिवाय पाच तुकडे एकाच मापाचे असल्याने मोजण्याच्या चुका कमी झाल्या, हा फायदा पाइप वाचण्याहून मोठा निघाला.

कापण्यासाठी हँड ग्राइंडर मुलांच्या हातून पूर्ण काढून घेतले. त्याची चकती मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरते, आणि शेडमधल्या एका ग्राइंडरचे गार्ड कधीचेच काढून ठेवलेले होते. त्याऐवजी हॅक्सॉ. इथे पात्याची निवड महत्त्वाची: पातळ भिंतीवर १८ दात्यांचे पाते लावले की दात अडकून तुटतात. इंचाला ३२ दात्यांचे पाते लावले, दात पुढच्या दिशेला. व्हाइसच्या बाजूला टेबलावर लाकडी ठोकळा स्क्रूने बसवला. पाइप ठोकळ्याला टेकवायचा आणि ठरलेल्या खाचेवर कापायचा. पट्टीने मोजणे फक्त ठोकळा बसवताना, आणि प्रत्येक दहाव्या तुकड्याला तपासणीसाठी.

तरीही पहिल्या आठवड्यातल्या ४० तुकड्यांपैकी १३ बाद झाले. कारण शोधायला वेळ लागला नाही: मुले रेषेवर कापत होती, रेषेच्या टाकाऊ बाजूला नाही. बाद झालेला ३८० चा तुकडा २५० चा करता येतो, म्हणून आधी मोठी मापे कापायची असा क्रम बदलला. हिशेबाने १८ बाकांचे २१६ तुकडे चार व्हाइसवर चार तासांत व्हायला हवेत. लागले पाच आठवडे. शाळेतल्या कामाचा अंदाज करताना कारखान्याची मिनिटे धरू नयेत, निदान तिपटीने तरी वाढवावीत.

जिग दोन केले. एक वरच्या चौकटीचा, एक दोन पाय आणि मधल्या आडव्या तुकड्याचा. अँगल जमिनीवर मांडून पाण्याच्या नळीने पातळी घेतली आणि कोपऱ्यांवर टेकू जोडले. चौकटीचे दोन्ही कर्ण १०९२ मिमी यायला हवेत; दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जायचे नाही. क्रम असा: जिगमध्ये क्लँपने घट्ट धरून चारही कोपऱ्यांना एकेक टाका (तात्पुरता छोटा वेल्ड), कर्ण मोजणे, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने वेल्ड, एका जोडाच्या दोनच बाजू, पूर्ण थंड झाल्यावरच क्लँप सोडणे. कर्ण मोजून वहीत लिहिणे हे मुलांचे काम. त्यांनी आकडा लिहून सही केल्याशिवाय वेल्डरने रॉड पेटवायचा नाही, असा नियम झाला. पहिल्या दोन चौकटी एका आठवीपर्यंत कधी काही न बोलणाऱ्या मुलीने परत पाठवल्या. वेल्डर जरा चिडला, पण कर्णात पाच मिलिमीटरचा फरक होता.

विजेसाठी चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली. वायरमधली घट चार-पाच व्होल्टवर आली. पंपांचा प्रश्न शाळेच्या हातात नव्हता. मार्चपासून सकाळची शाळा असते, तेव्हा वेल्डिंग साडेसात ते साडेनऊमध्येच ठेवले. पत्र्याच्या शेडमध्ये खानदेशातल्या एप्रिलचे ऊन धरता दहानंतर तिथे थांबणेच मुश्कील होते, म्हणजे वेळापत्रक उन्हानेही ठरवले.

वेल्डिंगचा कोपरा तीन बाजूंनी जाड ताडपत्रीने बंद केला, आतल्या पत्र्याला बिनचकाकीचा गडद रंग दिला. आत एका वेळी एक मूल आणि एक मोठा माणूस. दहा नंबरची काच, पूर्ण तोंड झाकणारा हेल्मेट, चामडी हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. नायलॉनचे कपडे असतील तर त्या दिवशी वेल्डिंग नाही, कारण ठिणगीने नायलॉन वितळून कातडीला चिकटते. रॉड हातात देण्याआधी प्रत्येकाने होल्डरमध्ये पेन्सिल लावून, मशीन बंद ठेवून, दहा ओळी ओढायच्या: कोन, अंतर आणि सरकण्याचा वेग हाताला कळावा म्हणून. "काच खाली, मग ठिणगी" हे शब्द मोठ्याने म्हणूनच रॉड टेकवायचा.

उरलेले तीन गट. एक व्हाइस आणि ड्रिलवर. ड्रिलवर उलटा नियम: हातमोजे बंद, कारण फिरणारे बीट मोजा ओढते आणि मोज्यासोबत बोट. ओढणी आणि वेणी आत, चावी चकमध्ये कधीही न सोडणे. दुसरा गट लाकडावर. तिसरा इंजिनवर.

लाकूड बदलले. गावात एक जुने धाब्याचे घर पाडले जात होते. त्यातले सागवान मिळाले, पिढ्यान्‌पिढ्या सुकलेले. पण जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात आणि एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो. आबांच्या सांगण्यावरून जुन्या स्पीकरचे चुंबक दोरीला टांगून प्रत्येक फळीवरून फिरवले. जिथे चुंबक ओढले जाई तिथे खडूची खूण. तरी एका पात्याला खाच पडलीच. सागाच्या भुशाने दोन मुलांच्या हातांना खाज सुटली, तेव्हा घासकाम शेडबाहेर उघड्यावर नेले.

फळी बसवण्याची पद्धत अशी: आडव्या पाइपला खालून स्क्रू. पाइपच्या दोन्ही भिंतींतून ६ मिमीचे भोक, मग खालच्या भिंतीचे १२ मिमी केले म्हणजे स्क्रूचे डोके आणि वॉशर आत जातात. प्रत्येक फळीला प्रत्येक आडव्या पाइपवर दोन स्क्रू: एक गोल भोकात, एक लांबट खाचेत. खाच म्हणजे शेजारी-शेजारी दोन भोके पाडून गोल कानशीने एक केलेली, रुंदीच्या दिशेने ११ मिमी लांब. खाचेतला स्क्रू पूर्ण आवळायचा नाही, पाव फेरा सैल. दोन फळ्यांमध्ये ५ मिमी फट. स्क्रू २० मिमीचेच. २५ चा घेतला तर टोक फळीच्या वरच्या बाजूच्या फार जवळ येते. सागात आधी ३ मिमीचे भोक न पाडता स्क्रू मारला तर डोके तुटते, हे सहा स्क्रू तोडून मुलांना स्वतःच समजले.

इंजिनचा गट सगळ्यात शांत राहील अशी अपेक्षा होती. टाकी नाही, पेट्रोल नाही, इंजिन स्टँडवर. झाले उलटेच. ६ मिमीचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या पेट्यात असतात. त्यांना साधारण १० न्यूटन मीटर पुरते, आणि मुलांनी लांब पान्याने ते मनगटाचा जोर लावून आवळले. तीन आठवड्यांत क्लच कव्हरचे चार आटे गेले. मग लांब पाने कपाटात, फक्त टी स्पॅनर, तोही दोन बोटांनी धरून. आणि तिसऱ्यांदा उघडल्यावर मुलांना कंटाळा आला, कारण इंजिनात शोधायचे काही नव्हते. निदेशक मग तास सुरू होण्याआधी एखादा दोष घालून ठेवू लागला: प्लगची फट बंद केलेली, प्लगची वायर आतून तुटलेली, कार्ब्युरेटरचा जेट मेणाने बुजवलेला. गटाने किक मारून ठिणगी येते का पाहायचे आणि दोष कागदावर लिहायचा. त्यानंतर या गटातून पोरे उठवावी लागत.

गट दर पंधरवड्याला बदलत. हे आधी नव्हते, आणि नसल्याचा परिणाम कुणाच्या लक्षात आला नव्हता: पहिल्या सहा बाकांच्या वेळी वर्गातल्या १७ मुलींपैकी एकीनेही व्हाइसवर पाइप कापला नव्हता. त्यांच्या वाट्याला घासकाम आणि रंग आला होता.

काय निष्पन्न झाले

१५ एप्रिलपर्यंत ११ नवे बाक झाले. जुन्या सहांपैकी चार डुगडुगणारे होते त्यांचे पाय सपाट फरशीवर उलटे-सुलटे तपासून सर्वांत आखूड पायाच्या मापाला आणले, सहाही बाकांच्या फळ्या काढून खाचांच्या पद्धतीने पुन्हा बसवल्या. पूर्ण चिरलेल्या पाच फळ्या बदलल्या. म्हणजे कार्यशाळेचे एकूण १७. उरलेल्या सातांचे ८४ तुकडे कापून तयार होते. ते तालुक्याच्या फॅब्रिकेटरकडे गेले आणि त्याने दीड दिवसात जोडून दिले. त्याने जिग न लावता जोडले, त्यातले दोन डुगडुगतात.

नव्या अकरांपैकी दहा सपाट बसतात. अकराव्याचा दोष पायाच्या रबरी बुशात झाकला गेला. पावसाळ्यात फळ्यांमधली फट ५ वरून साधारण दोन मिलिमीटरवर आली, एकही फळी चिरली नाही. डोळ्यांची तक्रार पुन्हा आली नाही. वेल्डिंगच्या कोपऱ्यात ४२ पैकी ३६ जणांनी भंगार पट्टीवर सलग ओळ ओढली. सहा जणांची पाळी पूर्ण झाली नाही.

पैशाचा हिशेब मुख्याध्यापकांना अपेक्षित होता तसा लागला नाही. ओल्या फळ्या, वाया गेलेले रॉड, नवी वायर, वेल्डरचे मानधन धरले तर पहिले सहा बाक बाजारापेक्षा महाग पडले, नंतरचे अकरा थोडे स्वस्त.

वेगळे काय करता आले असते

सप्टेंबरात २४ चा होकार देण्याऐवजी एकच बाक करून तो फेब्रुवारीपर्यंत वर्गात ठेवायला हवा होता. फळीची चूक हवामान बदलल्याशिवाय दिसत नाही. सहा बाक झाल्यावर दिसली ती एका बाकावर दिसली असती.

ताडपत्री आणि रंग ही दोन दिवसांची कामे आहेत, ती मशीन आणले त्याच आठवड्यात व्हायला हवी होती. इथे शाळेला सवलत देण्यासारखे काही नाही.

पालकांना बोलावले ते मुलांचे डोळे सुजल्यावर. मार्चमध्ये एका शनिवारी त्यांना शेडमध्ये आणून व्हाइस, जिग आणि वहीतले कर्ण दाखवले, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या त्याच पालकाने स्वतः हॅक्सॉ हातात घेतला आणि रेषेच्या चुकीच्या बाजूला कापले. ही भेट सप्टेंबरात ठेवता आली असती.

एका मुद्द्यावर निदेशक आणि मुख्याध्यापक यांचे अजून जुळलेले नाही. ही मुले आता दहावीला आहेत. निदेशकाचे म्हणणे, ज्यांची ओळ पट्टीवर सरळ येते त्यांना जिगमधल्या चौकटीचे टाके घालू द्यावेत, पूर्ण वेल्ड वेल्डरनेच करावा. टाका चुकला तर घासून काढता येतो. मुख्याध्यापक म्हणतात, बाकावर मूल बसते, त्यावरचा एकही जोड पंधरा वर्षांच्या हाताचा नको. तोवर टाक्यांसाठी कुंड्यांचे स्टँड करायचे ठरले आहे, आणि सरावाला ठेवलेला एकोणिसावा पाइप त्यासाठी काढला आहे.